खालची खोली आता गार नाहीये

आई, बाबा,

फोनवर खोलीचा विषय निघाला की बाबा लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच कळवतेय. या खेपेला तुम्ही खालच्या मागच्या खोलीत राहायचंय, वरच्या नाही. पलंग खाली आणून लावलासुद्धा. दिव्याचं बटण आईच्या हाताशी येतं आणि बाथरूम चार पावलांवर आहे. रात्री दोनदा उठायचं असतं बाबा तुम्हाला, आणि मागच्या वर्षी जे झालं त्यानंतर तुम्ही अंधारात जिना उतरताय हा विचारच मला सहन होत नाही. जागेची अडचण म्हणून खाली ढकलतेय असं प्लीज मनात आणू नका, वरची खोली तुमचीच आहे, दुपारी उन्हात बसायला हवं तेव्हा जा, मी किंवा मुलं सोबत असू.

आता तुमचा खरा मुद्दा, की ती खोली गार पडते. पडत होती, अगदी खरंय. आई स्वेटरवर शाल घेऊन झोपायची ते मी विसरले नाहीये. पण रेडिएटरमध्ये, म्हणजे गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या त्या भिंतीवरच्या हीटरमध्ये, काही बिघाड नव्हता. पाणी तापवणारा बॉयलर वर आहे, तिथून निघालेलं गरम पाणी सोपी वाट धरतं, जवळच्या रेडिएटरमधून भराभर फिरून परत येतं आणि पाइपाच्या शेवटाला असलेल्या तुमच्या खोलीपर्यंत फारच थोडं पोचतं. म्हणून वर घाम आणि खाली काकडायचं. बॉयलरचं तापमान कितीही वाढवलं तरी वरचेच जास्त तापणार, खालच्याला पाणीच कमी तर तो तापणार कसा?

त्यावर उपाय म्हणजे बॅलन्सिंग, प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचं पाणी मिळेल असं जुळवणं. प्रत्येक रेडिएटरला दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकडे असलेला नॉब, तो तुमच्यासाठी. दुसऱ्यावर साधी प्लॅस्टिकची टोपी, त्याला लॉकशील्ड म्हणतात, तो पान्याने एकदा सेट करायचा आणि मग विसरून जायचा. सगळे नॉब पूर्ण उघडे ठेवून थंड घरात हीटिंग सुरू केलं, कुठला रेडिएटर आधी तापतो ते लिहून काढलं, मग जवळच्यांचे लॉकशील्ड जवळजवळ बंद करून पाव-पाव फेऱ्याने उघडत गेले आणि तुमच्या खोलीचा पूर्ण उघडा ठेवला. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपाचं तापमान मोजत जायचं, आमच्या बॉयलरला साधारण 20 अंशांचा फरक चांगला. एक हलवला की बाकीच्यांचं पाणी बदलतं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं, चिकाटीचं काम आहे, बाबा तुम्हाला आवडलं असतं. आता खालची खोली वरच्यासोबतच गरम होते आणि रात्रभर 21 अंशांवर राहते, मी थर्मामीटर ठेवून पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये थंडीत घरात किमान 18 ठेवा असं सांगितलं आणि वयस्कर माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय, म्हणून तुमच्यासाठी थोडं वरच ठेवलंय.

बाबा, त्या आकड्यांच्या नॉबची युक्ती डेन्मार्कच्या माड्स क्लॉसेनची, 1943 सालची. आत मेण किंवा द्रव असतो, खोली गरम झाली की तो फुगतो, खालची पिन दाबतो आणि पाणी कमी होतं. वीज नाही, बॅटरी नाही. लहानपणी रेडिओ उघडून मला एकेक भाग दाखवायचात ना, तसा एक जुना नॉब तुमच्यासाठी काढून ठेवलाय, दोघं मिळून उघडू.

आता ऐका, दोघांनीही. नॉब 3 वर असू दे, म्हणजे खोली 20-21 पर्यंत. 5 वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही, आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. लवकर गरम हवं असेल तर मला हाक मारा, मी हीटिंग सुरू व्हायची वेळ आधीची लावेन. आई, नॉबवर शाल किंवा ओला टॉवेल टाकायचा नाही, आतली ऊब अडकते, त्याला वाटतं खोली तापली आणि तो पाणी बंद करतो, मग तूच कुडकुडशील. तुझे कपडे वाळवायला वेगळा स्टँड आणलाय. खिडकी उघडायची तर जरूर उघड, तुला कोंडल्यासारखं होतं ते माहितीय, पण तेवढा वेळ नॉब खाली कर, नाहीतर गार हवा लागून तो पूर्ण उघडतो. हॉलमधल्या रेडिएटरला आकड्यांचा नॉब मुद्दाम नाही, खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिथेच आहे, दोघं एकाच खोलीत असले की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. तो रेडिएटर बंद करू नका.

गुळगुळ आवाज आला किंवा रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला तर आत हवा अडकलीय, घाबरायचं काही नाही, हवा मी काढीन. खालून गार असेल तर गाळ, तो प्लंबर बघेल. कुठल्याही वेळी उठवा मला, झोपमोड होईल वगैरे काही मनात आणू नका. आणि बाबा, प्लॅस्टिकची टोपी काढायची नाही. पाना कपाटात आहे आणि तो तिथेच राहणार.

जाड मोजे आणू नका, इथे आहेत. गोळ्यांची यादी मात्र या आठवड्यातच पाठवा, आई तू लिही, बाबा अर्धी गाळतात.

तुमची लेक