बसच्या डावीकडून दुचाकी घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्दीत दोन वाहनांच्या मधून घुसणाऱ्या दुचाकीस्वारांबद्दल आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेकांची मागणी एकच आहे : दंड वाढवा. मी पुण्याच्या शहर बससेवेत चालक होतो. आता निवृत्त आहे आणि हडपसरहून कॅम्पात जायचे तर दुचाकीच काढतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, आणि त्या पत्रांमध्ये जे आले नाही ते लिहावे असे फार वाटले.

आधी एक मान्य करू या. संध्याकाळी फातिमानगरपासून रामटेकडी, वैदूवाडी, मगरपट्ट्यापर्यंत सोलापूर रस्ता तुंबलेला असतो. अशा वेळी प्रत्येक दुचाकीने मोटारीमागे रांगेत उभे राहावे, हे सांगणे सोपे आहे पण ते होणार नाही. ते झाले तर रांग आणखी लांबेल, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या दुचाकीला मागून ठोकर बसण्याचा धोका काही कमी नसतो. म्हणून ‘मधून जाऊच नका’ असे मी म्हणत नाही. कुठून जायचे, किती वेगाने जायचे आणि कुठे अजिबात जायचे नाही, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे.

थोडे मोजमाप सांगतो. आपल्याकडे एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरतात. बसची रुंदी सुमारे अडीच मीटर. दोन बस शेजारच्या दोन लेनच्या अगदी मध्यावर उभ्या आहेत असे धरले, तरी त्यांच्यात एक मीटरची फट उरते. दुचाकीचे हँडल सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागाही नाही, आणि त्यातच बसचा आरसा बाहेर आलेला असतो. हे झाले लेन नीट आखलेली असताना. आपल्या रस्त्यांवर कडेला पार्किंग, मध्ये खोदकाम, कुठे ड्रेनेजचे झाकण दोन इंच वर आलेले. बसचालकाने खड्डा चुकवायला स्टीअरिंग थोडे फिरवले, की ती फट संपली. त्याने मुद्दाम कुणाला दाबलेले नसते. तिथे कुणी आहे हेच त्याला माहीत नसते.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे बसची डावी बाजू. चालक उजवीकडे बसतो. उजव्या आरशात त्याला बरेच दिसते, खिडकीतून मान काढूनही पाहता येते. डावीकडे तसे नाही. गर्दीच्या वेळी पुढच्या दारापाशी माणसे उभी असतात आणि नेमकी तीच डाव्या आरशाच्या आड येतात. चालक ‘जरा मागे सरका’ म्हणतो, लोक सरकतात, पुढच्या थांब्याला दुसरी माणसे तिथेच येऊन उभी राहतात. शिवाय दाराच्या खालचा आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळचा भाग आरसा लख्ख असला तरी दिसत नाही. फुटपाथ आणि बस यांच्यामधली जागा मोकळी पाहून स्कूटर आत घालणाऱ्या मुलाला वाटते की ड्रायव्हरने आपल्याला पाहिले असणार. पाहिलेले नसते.

एकदा रामटेकडीच्या थांब्यावर बस लावली. एक आजी उतरत होत्या. त्यांचा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली टेकणार, तेवढ्यात बस आणि फुटपाथच्या मधून एक स्कूटर सरकन गेली. कंडक्टरने आजींचा दंड धरून त्यांना मागे ओढले म्हणून त्या वाचल्या. पिशवीतली भाजी रस्त्यावर पडली. स्कूटरवाला थांबला नाही, पण त्याला राक्षस ठरवून काही होणार नाही. उतरणाऱ्या माणसाच्या वाटेत आपण शिरतो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट सांगताना आजही हात थरथरतो. माझ्या एका सहकाऱ्याची बस चौकात डावीकडे वळत होती. लांब बस वळते तेव्हा मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतल्या बाजूने वळण कापते. बारा मीटरची बस आवळून वळवली तर मागचे चाक एक मीटरहून जास्त आत येते. त्या आतल्या जागेत कॉलेजचा एक मुलगा मोटरसायकल घेऊन शिरला होता. इंडिकेटर चालू होता. चौकशीत चालकाकडे दोष निघाला नाही, तरी त्या माणसाने पुन्हा बस हातात घेतली नाही. डेपोत काम मागून घेतले आणि तिथूनच निवृत्त झाला. मुलाच्या घरच्यांचे काय झाले असेल, हे लिहायची माझी शक्ती नाही.

सिग्नलला आणखी एक प्रकार रोज दिसतो. डावीकडून पुढे येऊन दुचाक्या बसच्या, डंपरच्या, पाण्याच्या टँकरच्या अगदी नाकासमोर उभ्या राहतात. उंच केबिनमधल्या चालकाला काचेखालचा हा पट्टा दिसत नाही. हिरवा दिवा लागला, सगळ्या गाड्या सुटल्या आणि एखादी स्कूटर बंद पडली, तर मागच्याला कळायच्या आत चाक पुढे आलेले असते. उभे राहायचेच असेल तर इतके पुढे राहा, की मान वळवल्यावर तुम्हाला चालकाचा चेहरा दिसेल. तुम्हाला त्याचे डोळे दिसत नसतील तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

वेगाचेही तसेच. ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात ११ मीटर जाते. अडकलेल्या कॅबमधला प्रवासी कंटाळून डावीकडचे दार उघडतो. ते पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच दोन मोटारींएवढे अंतर संपलेले असते. वेग २० असेल तर साडेपाच मीटर. म्हणून थांबलेल्या वाहनांमधून जाताना चालण्यापेक्षा थोडा जास्त एवढाच वेग ठेवावा, आणि वाहतूक सरकू लागली की लगेच फटीतून बाहेर येऊन एखाद्या वाहनाच्या मागे लेन धरावी. बहुतेक मुले नेमके उलटे करतात. रांग हलली की तेही फटीतच वेग वाढवतात. नजर मोटारीच्या इंडिकेटरवर ठेवू नका, पुढच्या चाकाकडे बघा. इंडिकेटर द्यायला माणूस विसरतो, चाक फिरवल्याशिवाय मात्र गाडी वळत नाही. रिक्षा तर जागच्या जागी वळते, तिच्या शेजारी रेंगाळू नये. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर हळू चालणारी दुचाकीही आडवी होते. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी पत्र्यांवर तर जास्तच.

आणि आरसे. हँडल बारीक व्हावे म्हणून आरसे आत वळवणारी किंवा काढूनच टाकणारी मुले पाहिली की जीव तुटतो. मागून काय येते आहे हे न कळता फटीतून बाहेर यायचे कसे?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ साली दुचाकींना थांबलेल्या किंवा हळू चालणाऱ्या वाहनांमधून जायला परवानगी दिली. पण अटी घातल्या : वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत, परवाना पक्का हवा, शिकाऊ नको, शाळेच्या परिसरात शाळेच्या वेळेत नाही, आणि फुटपाथच्या कडेला किंवा कडेला लावलेल्या गाड्यांच्या बाजूने जायचे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१६ साली अशा चालवण्याला कायद्यात जागा दिली आणि सुरक्षेच्या सूचना तयार करायचे काम तिथल्या महामार्ग पोलिसांकडे सोपवले. आपल्याकडे २०१७ ची वाहन चालवण्याची केंद्रीय नियमावली आहे. काही अपवाद सोडता ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा, हे आपल्या नियमातही आहे. परवान्याची परीक्षा देताना हे पाठ होते आणि फाटकाबाहेर पडताच विसरले जाते, कारण ‘डावीकडून का नाही’ याचे कारण कुणी दाखवत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्या सगळ्यांचे कारण फटीतून जाणे नव्हते, हे मलाही कळते. पण ज्या वाहनावर देशातली इतकी माणसे मरतात, ते गर्दीत कसे चालवायचे याचे शिक्षण नसावे, हे मला सहन होत नाही.

म्हणून दोन मागण्या करतो. सिग्नलच्या स्टॉप लाइनपुढे दुचाक्यांसाठी वेगळी, ठळक आखलेली जागा द्या, आणि तिच्यात मोठ्या वाहनाच्या डाव्या कडेने शिरावे लागणार नाही अशी वाट ठेवा. हेल्मेटची कारवाई चालू राहू द्या, मागे बसणाऱ्यावरही, पण डावीकडून घुसण्यावर कारवाई करताना पोलिसांनी पावतीबरोबर कारणही सांगावे.

दुसरी मागणी खर्चाची नाही. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात, फलक लागतात, भाषणे होतात. त्याऐवजी प्रत्येक डेपोत एक बस उभी करा. डाव्या दाराजवळ, पुढच्या कोपऱ्यात आणि काचेखाली दुचाक्या लावा, दाराशी चार माणसे उभी करा, आणि परवाना काढायला आलेल्या मुला-मुलींना एकेक करून चालकाच्या सीटवर बसवा. त्यांना विचारा, किती दुचाक्या दिसतात? डिलिव्हरीची कामे करणाऱ्या मुलांनाही बोलवा, वेळेच्या धाकापायी सगळ्यात जास्त फटी तीच शोधतात. माझ्यासारखे निवृत्त चालक शहरात पुष्कळ आहेत. कोणत्याही डेपोने किंवा महाविद्यालयाने बोलावले तर मी स्वतः येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त बसचालक, हडपसर, पुणे