जंजिऱ्याचा इतिहास आणि छापील दंतकथा

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला मुरूड-जंजिऱ्यावरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ‘२२ एकर, २२ वर्षे, २२ चौक्या’ (क्षेत्रफळ, बांधकामाचा काळ आणि पहाऱ्याच्या जागा) हा किनाऱ्यावरच्या राजपुरीहून किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत ऐकू येणारा पाढा आणि समुद्राखालून थेट राजपुरीत निघणारे भुयार, या दोन्ही गोष्टी आपल्या लेखकाने ‘असे सांगतात’ एवढेही न जोडता छापल्या आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग आला आहे.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमची सहल जंजिऱ्यावर गेली होती. महादरवाजापाशी वाटाड्याने, पंजांत हत्ती धरलेल्या शरभाकडे, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याकडे, बोट करून, हे शिल्प किल्ल्याचा धनी असलेल्या सिद्दीने मराठ्यांना हिणवण्यासाठी कोरून घेतले, असे मुलांना ठासून सांगितले. शरभ दख्खनमधल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर आढळतो, खुद्द शिवनेरीवरही तो आहे, हे मी म्हणताच त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेले एका दैनिकाचे कात्रण काढले. त्यात तीच गोष्ट, जवळजवळ त्याच शब्दांत होती. कात्रणाच्या लेखकाने ती अशाच एखाद्या वाटाड्याकडून ऐकली असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. एका मुलीने विचारले, “बाई, पेपरात छापून आलंय, मग खोटं कसं असेल?” मी तिला समजावले, पण ते तिला पटले नाही, तिच्या सहलीच्या वर्णनात शरभाची ती कहाणी जशीच्या तशी उतरली होती.

वाटाड्याला मी दोष देत नाही. पाऊण तासात माणसे परत होडीत बसवायची, तेवढ्यात त्यांना लक्षात राहील असे काहीतरी सांगायचे, हे त्याचे पोट आहे. तोंडी गोष्ट आज एक सांगतो, उद्या दुसरा खोडतो. ती छापली की मात्र पुरावा होते आणि त्याच होडीत परत येऊन बसते. म्हणून छापणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे आणि ती आपल्या पुरवणीने पाळलेली नाही.

याचे वाईट अधिक वाटते ते तिथला खरा इतिहास विलक्षण असल्यामुळे. जंजिऱ्याच्या तटावरून समुद्रात, सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग किल्ला दिसतो. त्याला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून शिवाजी महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले खरमरीत पत्र उपलब्ध आहे, आणि ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ हे त्यातले शब्द मुलांना एकदा वाचून दाखवले की वर्ग स्तब्ध होतो. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास मधली खाडी दगडांनी बुजवून किल्ल्यापर्यंत वाट काढायला घेतली होती, आणि फितुरीचे सोंग घेऊन आत शिरलेला त्यांचा सरदार कोंडाजी फर्जंद याच किल्ल्यात मारला गेला. आपल्या पानभर मजकुरात यातले एक अक्षर नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथे राज्य केलेल्या सिद्दींविषयीही दोन ओळींपलीकडे काही नाही. भुयाराला मात्र अख्खा परिच्छेद दिला आहे.

त्याच पानाच्या तळाशी राहण्या-जेवणाच्या सोयींची चौकट लेखाच्याच टायपात छापली आहे. ती जाहिरात असेल तर तिच्यावर तसे स्पष्ट लिहायला हवे होते.

येत्या रविवारी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे, भुयार आणि बाविसाचा पाढा या ऐकीव गोष्टी असल्याचा खुलासा छापावा आणि शेजारी १६७५ च्या पत्रातला उतारा द्यावा, ही विनंती. ते पान मी वर्गात लावीन.

आपली,
एक शिक्षिका, रोहा