हमीपत्र घ्या, पण जबाबदारी झटकू नका

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की लोहगड, राजमाची, अंधारबन, हरिहर या वाटा शनिवार-रविवारी गजबजून जातात. ट्रेक नेणारी अनेक मंडळे आता प्रत्येकाकडून हमीपत्र भरून घेतात. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे. कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ असा त्याचा साधारण मजकूर असतो. हा कागद असावाच, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यातले दुसरे वाक्य काढून टाकावे.

डोंगरात पायाखालचा दगड सुटू शकतो, ओल्या कातळावर पाय घसरू शकतो. ही जोखीम येणाऱ्याने समजून-उमजून पत्करलीच पाहिजे. पण ओढ्याला पाणी चढत असताना अख्खा जथा पलीकडे उतरवणे, रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला, झिजलेला दोर लावणे, चाळीस नवख्यांमागे एकच लीडर ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. त्यात जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते, आणि आधी घेतलेल्या सहीने तो गुन्हा पुसला जात नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तर १८७२च्या करार कायद्यानुसार करारच करता येत नाही. तरीही शाळकरी मुलांच्या शिबिरांत असे कागद भरून घेतले जातात. या वाक्याने आयोजकाला खोटा धीर येतो, आणि मृताच्या घरच्यांना वाटते की आपला दाद मागण्याचा हक्कच संपला. यातली दुसरी गोष्ट, घरच्यांचा हा गैरसमज, मला जास्त टोचते.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रश्न विचारले गेले ते वनखात्याच्या परवानगीबद्दल आणि निवडलेल्या वाटेबद्दल, म्हणजे आयोजनाबद्दल.

मग कागदावर काय असावे? किती तास चालायचे, उघड्या कड्यावरचा टप्पा कुठे, पाणी कुठे, अर्ध्यातून परतायचे झाल्यास वाट कोणती, जवळचा दवाखाना किती दूर, लीडरचे प्रशिक्षण कोणते. येणाऱ्याने दमा, रक्तदाब, मधुमेह, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन नंबर लिहावा. हे सारे मराठीत असावे आणि पैसे भरतानाच हाती पडावे. पहाटे पायथ्याच्या गावात बॅटरीच्या उजेडात घाईघाईने घेतलेल्या सहीला संमती कशी म्हणायची?

विनामोबदला ट्रेक नेणाऱ्या जुन्या मंडळांची भीती मला समजते. दरीत कोणी पडले की रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरणारी माणसे याच मंडळांतली असतात. त्यांच्यावर उगाच खटले लादले जाऊ नयेत. पण त्यांना खरा आधार मिळेल तो सामूहिक अपघात विम्याचा, आणि निघण्यापूर्वी दिलेल्या सूचना, हवामान पाहून माघारी फिरण्याचा निर्णय यांच्या लेखी नोंदींचा. विम्यासाठी वर्गणी थोडी वाढली तर सहभागींनी कुरकुर करू नये.

ऑगस्ट २०२१मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी करण्यास सांगितले. आता अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने अनुभवी वकिलांना सोबत घेऊन मराठीत एक नमुना संमतीपत्र तयार करावे आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते लहान-मोठ्या सर्व मंडळांपर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

आपला,
सह्याद्रीत भटकणारा एक वाचक, पुणे