काकांची टाच आणि क्युबाची लस

नाशिक, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा तू फोनवर म्हणालास ना, काकांच्या टाचेची शुगरची जखम तीन महिने झाले भरत नाहीये आणि त्यात आता फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निघालं, तेव्हापासून माझं कशात लक्षच नाही रे. क्युबाची ती लस घेतली तर टाचेचं काय होईल असं तू विचारलंस, प्रश्न अगदी नेमका आहे, फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

लसीचं नाव सिमाव्हॅक्स. हवानाच्या मॉलिक्युलर इम्युनॉलॉजी सेंटरची, 2008 ला तिथे मंजूर झाली. पण ही पोलिओसारखी आधी घ्यायची लस नाही, कॅन्सर झालेल्यालाच देतात, तेही पहिली केमो होऊन गाठ जरा आटोक्यात आल्यावर. आपल्या रक्तात ईजीएफ नावाचं प्रोटीन असतं, पेशींना वाढायला सांगणारं, आणि फुफ्फुसाच्या बऱ्याच गाठी त्याच्यावर पोसतात. लसीत तेच प्रोटीन एका बॅक्टेरियाच्या प्रोटीनला जोडलेलं असतं, मग शरीर त्याला परकं समजून अँटीबॉडी बनवतं आणि रक्तातलं ईजीएफ कमी होतं. थोडक्यात गाठीची रसद तोडायची.

पण जखम भरायलाही हेच ईजीएफ लागतं! कापलं की रक्त गोठताना प्लेटलेट्समधून ते सुटतं आणि कडेची कातडी हळूहळू मधे सरकायला लागते. त्याच हवानातली दुसरी एक संस्था डायबेटिक पायाच्या जखमेत टोचायला ईजीएफचंच इंजेक्शन बनवते, हेबरप्रोट-पी, आणि आपल्याकडे ईजीएफचं जेल मिळतं. म्हणून आधी काकांच्या ड्रेसिंगची ट्यूब बघ. त्यात ईजीएफसारखा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशी वाढवणारं प्रोटीन, असेल तर कॅन्सरचं निदान झालंय हे ड्रेसिंगवाल्या डॉक्टरांना उद्याच सांग, गाठ असलेल्या माणसाला असलं औषध द्यायचं की नाही ते त्यांना नव्याने ठरवावं लागेल. पायाचे डॉक्टर वेगळे, कॅन्सरचे वेगळे, आणि मधे आपण फाईल घेऊन पळतो, त्यात अशी गोष्ट राहून जाते याचीच मला जास्त भीती वाटते.

आईचं आठवतंय ना तुला? तिच्या कॅन्सरच्या गोळीने ईजीएफचा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवर ईजीएफ जिथे चिकटतं ती जागाच, बंद व्हायची. दुसऱ्या आठवड्यात तोंडावर छातीवर पुळ्या, मग पायाच्या अंगठ्याला नखुरडं झालं, कडेचं लाल मांस पार नखावर चढलेलं, चादर लागली तरी कळवळायची. मी रोज रात्री कोमट मिठाच्या पाण्यात तिचा पाय धरून बसायचे. कातडीला तो सिग्नल मिळाला नाही की ती स्वतःच सूज बोलावते, पांढऱ्या पेशी धावून येतात, हे मला डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं.

लसीचं तसं नाही. ती रिसेप्टरला हात लावत नाही, आणि कातडीकडे टीजीएफ-अल्फासारखे दुसरे निरोपे असतात जे त्याच रिसेप्टरवर काम करतात. त्यामुळे लसीच्या मुख्य तक्रारी म्हणजे टोचलेल्या जागी दुखणं, ताप, थंडी, डोकेदुखी, उलटी. दोन्ही दंड आणि दोन्ही कुल्ले अशा चार ठिकाणी टोचतात, सोबत तेलकट अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे लसीचा जोर वाढवणारं द्रव्य, असतं, तिथली सूज मुद्दाम आणलेली असते, त्याशिवाय शरीर जागं होत नाही. पण काकांची टाच आधीच शुगरने थकलेली, तिथे मुळातच रक्त कमी पोचतं, म्हणून निरोगी कातडीचा हिशोब त्यांना लावू नकोस.

आणि फायद्याचंही खरं सांगते. 2016 ला छापून आलेल्या 405 पेशंटच्या ट्रायलमध्ये, ज्यांचे सुरुवातीचे चारही डोस झाले ते साधारण 12.4 महिने जगले, लस नसलेले 9.4. मधले तीन महिने. काकांच्या माणसांना ते लाखमोलाचे आहेत, मी कोण नको म्हणणार, पण घर गहाण टाकायच्या आधी हा आकडा तुझ्यासमोर असायला हवा. गाठीची ईजीएफआर म्युटेशन टेस्ट, म्हणजे त्या रिसेप्टरच्या जीनमध्ये बदल आहे का ते बघणारी, केलीय का ते पण विचार, तसं निघालं तर आईसारखी गोळी इथेच मिळते.

रोज ड्रेसिंग बदलताना जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ आणि मला पाठव, जखम वाढतेय की आवळतेय ते कळेल. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, काकूंना म्हणावं त्या दिवशीचं ड्रेसिंग मी करणार, त्यांनी जरा झोपावं.

तुझी,
ज्योती