बाबा, दाराच्या नव्या कुलपाचं सगळं सविस्तर लिहिते

विनिपेग, कॅनडा, 18 नोव्हेंबर

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न.

गेल्या रविवारी फोनवर चिनूच्या तोंडून निघून गेलं आणि तुम्ही गप्प झालात. आईचा आवाज तर रडवेला झाला होता. फेब्रुवारीतली गोष्ट तुमच्यापासून लपवायला नको होती. माझं चुकलं.

झालं ते असं. चिनू शाळेतून आली, तेव्हा बाहेर उणे 29 होतं, वर वारा. दप्तरात किल्ली सापडेना म्हणून पोरीने हातमोजे काढून सगळं उपसलं. मी कामावर होते आणि तिचा फोन थंडीने बंद पडला होता. शेवटी ती समोरच्या आजींकडे गेली. तोवर बोटांची टोकं पांढरी पडली होती. आजींनी कोमट पाण्यात हात धरायला लावले, तासाभरात रंग आला. वाऱ्यासकट उणे 40 सारखी थंडी लागते तेव्हा उघडी कातडी दहा मिनिटांत गोठू शकते. त्या रात्री मी झोपले नाही.

म्हणून हे आकडे दाबून उघडायचं कुलूप. तुम्ही विचारलंत, कुलपाला बॅटरी कशाला? बाबा, हरवण्यासारखं काही तिच्या हातात राहू नये, एवढ्याचसाठी.

बोटाचा ठसा घेणारं मुद्दाम टाळलं. इथे हिवाळ्यात कातडी कोरडी पडून भेगाळते, मग ठसा लागत नाही. काचेवर बोट टेकवायचं तेही नको, साध्या हातमोज्यातून ते ओळखत नाही. खरी दाबायची बटणं असलेलं घेतलं, मोज्यानेही दाबता येतात. बाहेरचा भाग उणे 35 पर्यंत चालतो असं माहितीपत्रकात आहे, पण इथे कधी कधी त्याच्याही खाली जातं. म्हणून किल्लीचं भोक असलेलंच निवडलं. बॅटऱ्या दाराच्या आतल्या, उबेच्या बाजूला बसतात. लिथियमच्या घालणार होते, त्या थंडीत टिकतात. पण त्यांचा विजेचा दाब शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग एकदम संपतो, त्यामुळे कुलूप आधी इशारा देऊ शकत नाही. कंपनीनेही साध्या अल्कलाइनच सांगितल्यात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे करतात, त्याच दिवशी नव्या घालायच्या असं ठरवलंय. यंदाच्या घातल्यासुद्धा.

पण खरं काम कुलपाचं नव्हतंच, दाराचं होतं. थंडीत रबरी पट्टी कडक होते, उंबऱ्यावर बर्फाचा थर धरतो आणि दार चौकटीत पुरतं बसत नाही. आपण खांदा लावून दार दाबतो आणि किल्ली फिरवतो. कुलपातल्या छोट्या मोटरला खांदा कुठला? बोल्ट, म्हणजे कुलपाचा पुढे सरकणारा दांडा, चौकटीतल्या धातूच्या पट्टीला घासला की मोटर अडते आणि बॅटरी खात राहते. म्हणून ऑक्टोबरात आधी बिजागऱ्यांना तीन इंची स्क्रू मारून दार वर उचललं. मग बोल्टच्या टोकाला आईने दिलेलं काजळ लावलं, दार लावून बोल्ट फिरवला, आणि चौकटीतल्या पट्टीवर काळं कुठे उमटलं ते पाहिलं. वरच्या कडेला! तेवढी कड कानशीने घासली आणि मागचं भोक छिन्नीने खोल केलं. आता दाराला हात न लावता बोल्ट एका बोटाने आत-बाहेर होतो. हे जमल्यावरच कुलूप बसवलं.

स्क्रू हातानेच आवळले. एसटीच्या वर्कशॉपात तुम्ही मला पेचकस धरायला शिकवलात, तेव्हा म्हणायचात ना, अडला की थांब, जोर लावू नकोस. इथल्या माहितीपत्रकातही तेच लिहिलंय, ड्रिल मशीन वापरू नका म्हणून. फक्त तुमचं तेल मात्र इथे नाही घातलं. थंडीत ते घट्ट होतं. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची भुकटी फुंकली.

आपोआप बंद होण्याची सोय मी बंद ठेवली आहे. सगळे म्हणतात चालू ठेव. पण दारात पार्सल आलं म्हणून आई घरातल्या चपलांवर, नुसत्या स्वेटरवर बाहेर पाऊल टाकेल आणि मागे दार लागेल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. तुम्ही दोघं डिसेंबरात याल तेव्हा घरात असताना कुलूप हातानेच लावायचं.

तुमचा आणि आईचा आकडा वेगवेगळा ठेवायचाय. फोनवर सांगू नका, आल्यावर स्वतः दाबून ठरवा.

एक जास्तीची किल्ली समोरच्या आजींकडे दिली आहे. दुसरी चिनूच्या गळ्यात राहील, कारण बॅटरीवर मी पोरीला सोडणार नाही. आई, त्यासाठी येताना सुती दोऱ्याचा एक गोफ विणून आण. जाड हवा, आणि किल्ली जॅकेटच्या आत छातीशी राहील इतका लांब. बाहेर लोंबली तर धातू गार पडून तिच्या हाताला चिकटेल.

तुमची,
बेबी