स्कोप घेण्याआधी: लेकीला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एका डोळ्याची दुर्बीण, घ्यायचं तुझ्या मनाने घेतलंय, आणि नेमबाजीच्या रेंजवर नि शिकारीला दोन्हीकडे चालेल असा एकच हवाय, हे समजलं. जरूर घे. फक्त त्या ६०च्या आकड्यावर भुलू नकोस, तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

२०-६०×८० असं लिहितात त्यातले २०-६० म्हणजे कमीजास्त करता येणारी पट आणि ८० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पटीने भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २० पटीवर ४ मिलिमीटर, ६० पटीवर जेमतेम १.३. जनावर बाहेर पडतं ते झुंजुमुंजू असताना नाहीतर दिवेलागणीला. त्या वेळी तुझ्या डोळ्याची बाहुली चांगली ५-६ मिलिमीटर उघडलेली असते आणि तिच्या वाट्याला येतो एवढासा धागा. चित्र मोठं होतं आणि काळवंडतं. अशा उजेडात ३० पटीच्या पुढे जाऊन मला कधी काही जास्त कळलेलं नाही.

भर दुपारी उजेड भरपूर, पण तेव्हा हवा आडवी येते. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेची थरथर पट वाढवली की तीही तेवढ्याच पटीने मोठी दिसते, आणि टार्गेटची कड पाण्याखालच्या खड्यासारखी हलायला लागते. मात्र हीच थरथर तुझ्या कामाची आहे. २०-२५ पटीवर टार्गेट स्वच्छ धर, मग फोकसचं चाक किंचित फिरवून नजर टार्गेटच्या अलीकडे आण. कागद जरा धूसर होईल आणि मधल्या हवेच्या लाटा दिसायला लागतील. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा तिकडे चाललाय. उकळल्यासारख्या सरळ वर जात असतील तर वारा पडलाय, किंवा तुझ्या समोरून नाहीतर पाठीमागून येतोय. त्या क्षणी गोळी झाडायची घाई करू नकोस, कारण पडलेला वारा पुढच्या क्षणी कुठल्या बाजूने उठेल ते कळत नाही. हे बघायची सवय तुला लागली ना, तर तुझे नेम मी सांगितलेल्या बाकी कशाहीपेक्षा जास्त सुधारतील.

भोकं दिसतील का, ही तुझी काळजी आहे. पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंच) गोळीचं भोक साधारण ५.६ मिलिमीटरचं. ५० मीटरवर २० पटीने बघितलंस तर ते अडीच मीटरवरून बघितल्यासारखं, सहज दिसतं. ३०० मीटरवर ३० पट लावलीस तर तेच अंतर १० मीटर होतं. पांढऱ्या कागदावर रायफलीचं भोक तेव्हाही सापडेल, काळ्या भागावरचं मात्र चांगल्या काचेशिवाय हाती लागत नाही. म्हणून पटीपेक्षा काचेवर खर्च कर. ईडी काच (कडेला रंगाची किनार कमी आणणारी) आहे का ते विचार, आणि नुसतं विचारून थांबू नकोस. उजळ आभाळासमोरची एखादी काळी फांदी धर आणि तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार येते का बघ. ज्या स्कोपात ती ठळक येते, त्यात लांबच्या हरणाच्या शिंगाची टोकं मोजताना तुझी फसगत होईल.

आता शिकारीचं. एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. तू लहान होतीस तेव्हा एका पहाटे समोरच्या उतारावर झुडपाआड तपकिरी काहीतरी हललं. माझ्याकडे ना दुर्बीण होती ना स्पॉटिंग स्कोप. मी रायफल खांद्याला लावून तिच्याच स्कोपातून बघितलं. तो एक माणूस होता, खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलेला. सेफ्टी लावलेली होती, बोट ट्रिगरजवळही नव्हतं, तरी माझ्या भरलेल्या रायफलीची नळी त्याच्या पाठीवर होती. तो उठून चालता झाला, त्याला काही कळलंही नाही. मी तिथेच खाली बसलो आणि त्या दिवशी पुन्हा रायफल उचलली नाही. मनू, रायफलीचा स्कोप नेम धरायला असतो. काय आहे हे बघायला दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप. आधी ८ किंवा १० पटीच्या दुर्बिणीने सगळा उतार चाळायचा, शंका आली तिथे स्पॉटिंग स्कोप लावायचा. काय आहे, नर की मादी, मागे कोण आहे, हे सगळं कळेपर्यंत रायफल खालीच राहू दे.

मला विचारशील तर ६५ मिलिमीटरचा घे, कोनात वळलेल्या आयपीसचा. ८०चं भिंग त्याच्या दीडपट उजेड घेतं हे खरं, पण ते ओझं डोंगर चढताना तुझ्या पाठीवर असणार, आणि जड म्हणून गाडीत राहिलेला स्कोप कुणाच्या उपयोगाचा? पोटावर झोपून नेम धरतेस तेव्हा वळलेला आयपीस डाव्या डोळ्याजवळ ठेवता येतो. रायफल खांद्यावरून हलत नाही, फक्त मान जराशी वळते. सरळ आयपीसने जनावर पटकन सापडतं, गाडीतून बघायलाही तो बरा, हे मान्य. वळलेल्याने शोधताना सुरुवात सगळ्यात कमी पटीवर कर, म्हणजे जास्तीत जास्त परिसर नजरेत येतो.

तू चष्मा लावतेस, तेव्हा डोळा काचेपासून १५ मिलिमीटर तरी लांब ठेवून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. चष्म्यासकट बघ. आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला, पाणी न शिरणारा असू दे.

ट्रायपॉडचे पैसे आधी बाजूला काढ. हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्याची झुळूक आली की ३० पटीचं चित्र ३० पटीनेच हलतं. मधला दांडा खालीच ठेव, त्याला पिशवी अडकव.

दुकानात दिव्याखाली बघून ठरवू नकोस. दिवस मावळताना बाहेर नेऊन बघू देतात का विचार. दोन स्कोप शेजारी लावून एकाच फांदीकडे बघ, आणि कुठल्या स्कोपात ती शेवटपर्यंत दिसत राहिली ते मला लिहून पाठव. मग बोलू.

तुझे,
बाबा