दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नकोस

अगं बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा आता कंबर एकदम ओके आहे, व्यायाम बंद केला", मी हो हो करून फोन ठेवला पण रात्री झोपेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण अगदी हेच मी पण म्हणायचो, आणि दर वेळी काही महिन्यांनी परत उसण भरून आडवा व्हायचो. म्हणून लिहून पाठवतोय. लांबलं तरी पूर्ण वाच.

तू दोन-तीन वर्षांची होतीस तेव्हा हात वर करून "घे" म्हणायचीस आणि मी खाली बसून तुला मांडीवर घ्यायचो, उचलायचो नाही. भीतीच बसली होती. तुला आठवत नसेल, मला आठवतं. तेव्हा पट्टा बांधून फिरायचो, वाकणं बंद, ओझं बंद, आणि जितकं जपत गेलो तितकी कंबर अजून नाजूक होत गेली. कुणीतरी तेव्हाच नीट समजावून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं अजून वाटतं.

आता मुद्दा. कंबरेत ५ मणके, त्यांच्यामध्ये गाद्या आणि बांधून ठेवणारी लिगामेंट्स. यातून स्नायू काढून टाकले तर हा कणा जेमतेम ९ किलोच्या भाराखाली वाकून कोलमडतो, लॅबमध्ये तपासलेली गोष्ट आहे ही. आणि आपलं नुसतं धडच त्याच्या कितीतरी पट जड! म्हणजे आपण उभे राहतो ते स्नायूंच्या जोरावर. या धडाभोवतीच्या स्नायूंनाच कोअर म्हणतात. कोअर म्हटलं की लोकांना सिक्स पॅक आठवतात, पण आतलं महत्त्वाचं काम दिसतच नाही: पोटाभोवती आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, मागे मणक्यांना चिकटून असलेला मल्टिफिडस, वर श्वासाचा पडदा आणि खाली पेल्विक फ्लोर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. बाहेरचे मोठे स्नायू पण हवेतच, सगळे मिळून वेळेवर आवळले पाहिजेत.

हे "वेळेवर" फार महत्त्वाचं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांना नुसता हात झटकन उचलायला लावला. ज्यांची कंबर चांगली त्यांचा पोटाचा तो आडवा स्नायू हात हलायच्या आधीच जागा होत होता, आणि कंबरदुखीवाल्यांचा उशिरा. त्याच वर्षी ज्युली हाइड्स आणि त्यांच्या टीमनं दाखवलं की पहिल्यांदा कंबर धरल्यावर दुखणं ४ आठवड्यांत बहुतेकांचं जातं, पण दुखऱ्या बाजूचा बारीक झालेला मल्टिफिडस आपोआप भरून येत नाही!! पुढे वर्षभरात परत दुखलं ते व्यायाम न केलेल्यांत ८४ टक्के आणि केलेल्यांत ३० टक्के जणांना. ३९ जणांचाच छोटा अभ्यास होता म्हणून ते आकडे मी फार ताणणार नाही, पण तुझं "आता ओके आहे" ऐकून मी का घाबरलो ते कळलं असेल.

आणि मी केलेली दुसरी चूक तू करू नकोस. हे सगळं वाचल्यावर मी दिवसभर पोट आत ओढून फिरायला लागलो, वाकताना श्वास रोखायचो, खुर्चीतून उठतानासुद्धा. त्यानं कंबर अजूनच आखडली. शेवटी एका फिजिओनं सांगितलं, अहो सोडा की पोट, जड उचलताना पोटाला हलका ताण द्या, बाकी वेळ मोकळं राहू द्या. कणा वाकण्यासाठीच आहे.

अजून एक खरं सांगतो, कोअरचे व्यायाम म्हणजे जादू नाही. जुन्या कंबरदुखीत बाकीच्या व्यायामांशी तुलना केली तर फरक फारसा निघत नाही, नियमित चालण्यानं पण दुखणं परत यायचं लांबतं. तुला पोहायला आवडत असेल तर पोह. फक्त थांबू नकोस.

माझे व्यायाम तीनच आहेत, कण्याचे कॅनडातले अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या पद्धतीचे. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून, हात कंबरेखाली ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलायचे, मान न ओढता. गुडघे टेकून साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपराच्या आधारानं कंबर वर उचलून धरायची. आणि हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात डावा पाय लांब करायचा, मग उलट, कंबर न डुलवता. प्रत्येक वेळी ८-१० सेकंदच धरायचं, सोडायचं, परत धरायचं. मिनिट-मिनिट प्लँक ठोकायची गरज नाही, इथे ताकदीपेक्षा दम टिकणं कामाचं. सकाळी उठल्या उठल्या लगेच खोल वाकू नकोस, रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर जाऊ दे.

पण पायात बळ कमी वाटलं, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल आणि मग मला फोन. ताप येऊन कंबर दुखली तरी लगेच डॉक्टरकडे.

रविवारी व्हिडिओ कॉल कर आणि मोबाइल जमिनीवर ठेव, साइड प्लँकला तुझी कंबर खाली येते का ते मला बघायचंय. मी पण तुझ्याबरोबर करतो.

तुझा बाबा